उरलेली धिंगरी फेकू नका, कोरियन पद्धतीने परता



सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळिंबी घेतली, पण जिंतूरच्या बाजारात सगळी खपली नाही, असं होतं. ताज्या धिंगरीत जवळपास ९० टक्के पाणी असतं, ती टिकत नाही. चिकट व्हायच्या आत घरीच खा. कोरियात हिला 'नुतारी' म्हणतात, भाताबरोबर परतून खातात.

*साहित्य:* पाव किलो धिंगरी, कांदा, गाजर, ढोबळी मिरची प्रत्येकी १, लसूण ४-५ पाकळ्या, तीळ तेल २ चमचे, सोया सॉस १ चमचा (हाही सोयाबीनचाच), भाजलेले तीळ.

*कृती:*
१) धिंगरी हाताने उभी फाडा.
२) उकळत्या पाण्यात १ मिनिट ठेवून काढा, गार झाल्यावर हलकी पिळा.
३) मोठ्या आचेवर लसूण, भाज्या परता.
४) धिंगरी, सॉस घालून ३-४ मिनिटं परता. झाकण ठेवू नका, पाणी सुटतं.
५) वरून तीळ. सॉस खारट असतो, मीठ चव बघूनच.

भाकरीबरोबरही छान लागते.

⚠️ फक्त लागवडीचीच अळिंबी खा. बांधावरच्या छत्र्या नकोत. काहींचं विष शिजवूनही जात नाही.