चोचीवरून ओळखा हिवाळी पाहुणे

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्यालगत सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला वाडेन समुद्र दिवसातून दोनदा ओसरतो आणि चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. २००९मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या परिसरात दरवर्षी एक कोटीच्या आसपास स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांतील अनेक जण हिवाळाही येथेच काढतात.

हे पक्षी ओळखणे नवख्याला अवघड जाते. उन्हाळ्यात 'नॉट' हा पक्षी विटकरी असतो, तर 'डनलिन'च्या पोटावर ठळक काळा डाग असतो. हिवाळ्यात ही ओळख पुसली जाते आणि दोघेही करडे दिसू लागतात. म्हणूनच जाणकार निरीक्षक रंगाआधी चोच आणि चाल पाहतात.

चोच म्हणजे त्या पक्ष्याचे अन्न कोठे आहे, याचा पुरावाच होय. 'कर्ल्यू'ची लांब, खाली वळलेली चोच खोल बिळातील किडे ओढून काढते. 'गॉडविट' अर्थात पाणटिवळ्याची लांब चोच किंचित वर वळलेली असते. 'ऑयस्टरकॅचर' नारिंगी, भक्कम चोचीने शिंपले उघडतो. लहानखुऱ्या 'डनलिन'ची चोच टोकाशी किंचित झुकलेली असते. 'नॉट' त्याहून मोठा, स्थूल आणि सरळ चोचीचा. 'ग्रे प्लोव्हर'ची चोच आखूड असते. तो डोळ्यांनी भक्ष्य हेरतो, म्हणून थोडे धावतो, थबकतो आणि टिपतो. उडताना त्याच्या पंखाखालील काळा डाग दिसला की शंका उरत नाही. लाटेमागे धावणारा फिकट पक्षी बहुधा 'सँडरलिंग' असतो.

ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर विखुरलेले असतात. भरती पूर्ण होण्याआधी दोन तास किनाऱ्यावर पोहोचावे. चढते पाणी त्यांना आपोआप जवळ आणते. सूर्य पाठीशी असावा आणि अंतर राखावे. कडाक्याच्या थंडीत थवा वारंवार उडवला गेला, तर त्याची साठवलेली ऊर्जा व्यर्थ खर्च होते.

अचूक ओळखीवरच गणना अवलंबून असते. १९६७पासून दर जानेवारीत आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना होते, आणि तिच्यासाठी असंख्य स्वयंसेवक किनाऱ्यांवर उभे राहतात. अशा नोंदींतूनच घट ध्यानात येते. २०२४मध्ये 'ग्रे प्लोव्हर'चा समावेश जागतिक लाल यादीच्या 'असुरक्षित' वर्गात झाला.

चोचीची गोष्ट येथेच संपत नाही. सैबेरियात वीण करून वाडेन समुद्रामार्गे पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या 'नॉट'विषयी २०१६मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांत जन्मलेली पिले आकाराने लहान आणि आखूड चोचीची निघतात. त्यामुळे मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर वाळूत खोल असलेले शिंपले त्यांना गाठता येत नाहीत आणि त्यांच्या जगण्याची शक्यता घटते.

'कर्ल्यू' आणि 'ग्रे प्लोव्हर' हे दोघेही हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरही येतात. भारतीय उपखंडात १९८७पासून अशीच जानेवारी गणना होते. त्यामुळे चोच वाचण्याची ही विद्या आपल्या खाडीकाठीही तितकीच उपयोगी आहे.