गाडीतला आवाज कुणाच्या कानांसाठी?

मिक्सर ५०० वॅटचा घ्यावा की ७५० वॅटचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुकर प्रेशर धरेना की रिंग बदलायची, हेही आपल्याला बरोबर कळतं. पण गाडीची बॅटरी, वायरी, स्पीकर असा विषय निघाला की आपण हळूच आत सटकतो. 'ते यांचं खातं!' म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, आता तालुक्याच्या गावातही आपल्यापैकी कितीजणी गाडी चालवतात. मुलांना क्लासला सोडणं, सासऱ्यांना दवाखान्यात नेणं आपल्याकडेच असतं. मग त्या गाडीत काय वाजावं आणि कसं वाजावं, हे दुसऱ्यांनीच का ठरवायचं?

आमची गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. दर महिन्याला मी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, तपासणीसाठी बार्शीहून सोलापूरला नेते. अण्णांना पूर्वी वाटेत आकाशवाणीच्या बातम्या, नाट्यगीतं, कीर्तन असं सगळं लागायचं. हल्ली मात्र "बंद कर गं ते, नुसता गलका वाटतो," म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. आवाज वाढवला तर आणखी वैतागायचे. जाऊन-येऊन तीन तास आम्ही दोघं गप्प!

चौकशीला मी एका दुकानात गेले. दुकानदाराने मागे मोठा वूफर, ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर मिळून १८,५०० रुपये सांगितले. मी वायरिंगबद्दल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." तिथे एका गाडीचं काम चाललेलं मी पाहिलं. मूळ वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळत होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद सुटतो. उघडी वायर पत्र्याला लागली की शॉर्ट सर्किट. असा जोड बघून गाडीची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. मी तिथून निघाले ते हे काम घरीच करायचं, असं ठरवूनच.

आधी कान समजून घ्या

वय वाढतं तसं बहुतेकांचं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या उंच पट्टीतच असते. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." त्यात धमधम बेस वाढवला की उरलेले शब्दही बुडतात. अण्णांचा 'गलका' तो हाच होता. त्यांना जास्त आवाज नको होता, स्वच्छ आवाज हवा होता.

म्हणून पहिली पायरी फुकटची. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन बेस कमी करा, ट्रेबल दोन घरं वाढवा, 'लाउडनेस' बंद करा. बॅलन्स ऐकणाऱ्याच्या बाजूला थोडा सरकवा. एवढ्याने भागलं तर खर्चच नको. आमचं भागलं नाही, कारण पुढच्या स्पीकरचे कागदी कोन फाटले होते.

खोक्यावरचे आकडे

स्पीकरच्या खोक्यावर '३०० वॅट' असं मोठ्या अक्षरात असतं. ते क्षणभराचं, पीक पॉवरचं. आपण बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी ताकद. स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येक स्पीकरला खरे मिळतात साधारण १५ ते २० वॅट. त्यामुळे वॅटच्या मागे न लागता 'सेन्सिटिव्हिटी' बघा. ती ९० डेसिबल किंवा जास्त असावी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत! आणि इम्पीडन्स मूळ स्पीकरइतकाच, बहुतेक गाड्यांत ४ ओहम, ठेवा.

मी 'कंपोनंट' प्रकार घेतला. त्यात बारीक स्वरांचा ट्वीटर वेगळा असतो आणि तो डॅशबोर्डच्या कोपऱ्यात वर बसवता येतो. उंच स्वर सरळ रेषेत जातात. स्पीकर दारात खाली असला की ते गुडघ्यांपाशीच अडतात. वर बसवला की थेट कानाशी येतात.

दार उघडताना

इग्निशन बंद करून प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो. थोडा वेळ थांबायचं. गाडीत कुठेही पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं असतं, त्याला हात लावायचा नाही. काचेशेजारच्या खांबात एअरबॅग असेल तर तिथे ट्वीटरही बसवायचा नाही.

दाराचं पॅड स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. क्लिपा तुटतातच, चार जास्तीच्या आणून ठेवा. पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फेकू नका. पावसात काचेवरून दाराच्या आत पाणी उतरतं आणि खालच्या छिद्रांतून बाहेर जातं. तो कागद नीट परत चिकटवला नाही, तर पाणी गाडीत येतं.

रिकामा स्टीलचा डबा वाजवला तर घणघणतो, वर हात ठेवला की गप्प होतो. दाराचा पत्राही तसाच. आत डॅम्पिंग शीट चिकटवली की तो हात ठेवल्यासारखा शांत होतो. ती दाबून बसवायला रोलर मिळतो, मी जुनं छोटं लाटणं वापरलं. झकास काम झालं! फक्त खालची पाण्याची छिद्रं बुजवू नका.

वायर कापायची नाही. आपल्या गाडीचा कपलर दुकानात वेगळा मिळतो, तो मध्ये जोडायचा. प्लस-मायनस ओळखायला माझ्या भाच्याने युक्ती सांगितली. "मामी, साधा पेन्सिल सेल आणा." सेलच्या दोन टोकांच्या वायरी स्पीकरला क्षणभर लावायच्या. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक स्पीकरचं प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि आवाज पोकळ लागतो.

ॲम्प्लिफायर मात्र मी घेतला नाही. तो बसवायचाच असेल तर बॅटरीपासून जाड तांब्याची वायर आणि बॅटरीजवळच, दीड फुटाच्या आत, फ्यूज हवाच. ते काम जाणकाराकडून, समोर उभं राहून करून घ्या.

खर्च आणि हिशेब

स्पीकर ४,६००, शीट १,१५०, कपलर आणि रिंगा ४५०. एकूण ६,२०० रुपये आणि दोन रविवार. मुलगा नाराज होता, त्याला काचा थरथरवणारा बेस हवा होता. त्याला मी एक हिशेब सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. एकदा मेलेल्या कानातल्या पेशी परत उगवत नाहीत. शिवाय मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू यायला हवी की नको?

पुढच्या फेरीत कीर्तन लागलं होतं. माढ्याच्या फाट्याजवळ अण्णा म्हणाले, "सुनबाई, जरा बारीक कर, चांगलं कळतंय की!" बारीक कर म्हणाले, बंद कर नाही. मग त्यांनी बुवांची एक चूकही काढली. त्याच आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण स्पीकर काही तपासणीला पर्याय नव्हे.

मैत्रिणींनो, सगळ्याजणींनी पाना हातात घ्यावा असं माझं म्हणणं नाही. पण दुकानात गेलात तर चार प्रश्न विचारा. आरएमएस किती? सेन्सिटिव्हिटी किती? कपलर लावणार की वायर कापणार? फ्यूज कुठे? प्रश्न बरोबर असले की समोरचा 'साहेबांना पाठवा' म्हणत नाही. आणि त्याआधी घरात एक प्रश्न विचारा. आपल्या गाडीत सगळ्यात कमी कुणाला ऐकू येतं? खरेदीची सुरुवात त्या माणसापासून करा.