‘झालं का सी.ए.?’

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना एका काकूंनी विचारलं, “काय गं, झालं का सी.ए.?” फायनलचा दुसरा ग्रुप तिसऱ्यांदा राहिला होता, निकालाला दोनच महिने झाले होते. मी हसून “नाही अजून” म्हटलं, आणि विसर्जनापर्यंत मंडळाकडे फिरकले नाही. मग कोजागिरीला गेले नाही. मग जिवलग मैत्रिणीच्या लग्नालाही नाही.

आम्ही उधन्याचे. माझ्या जन्माआधी बाबा अमळनेरहून सुरतला आले आणि लूम्सच्या कारखान्यात लागले. घरात पहिली पदवीधर मी, त्यामुळे परीक्षा माझी एकटीची कधी नव्हतीच. रात्री झोप लागेना, डोकं सतत जड. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, “समुपदेशकाकडे जाऊन ये.” आई घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “आपण काय वेडे आहोत?” तरी पहिल्या दिवशी सोबत तीच आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

मॅडम गुजराती. बालवाडीपासून मी गुजराती बोलते, पण “मला स्वतःची लाज वाटते” हे गुजरातीत सांगताना दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतेय असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, “मराठीत बोल. नाही समजलं तर विचारीन.” त्या दिवशी पोटभर रडले.

पुढे त्यांनी वहीत तीन रकाने आखायला लावले: काय घडलं, मी मनात काय म्हणाले, मग काय झालं. पहिल्यात काकूंचा प्रश्न. तिसऱ्यात घरात कोंडून घेणं. मधला रकाना भरायला आठवडा गेला. तिथे लिहिलं, “नापास झाले म्हणजे मी कुचकामी.” हे वाक्य काकूंचं नव्हतं, माझं होतं.

ही पद्धत अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती आपल्या भाषेत घरोघरी पोहोचवली. गंमत म्हणजे ‘सेल्फ-एस्टीम’ या शब्दावरच एलिस यांचा राग होता. गुणांवर टेकवलेली स्वतःची किंमत गुणांबरोबरच घसरणार. तेव्हा मोजायचं तर कामाला मोजा, माणसाला नको, असं त्यांचं म्हणणं. हिशेबाच्या विद्यार्थिनीला हे पटायला जड गेलं!

जादू वगैरे झाली नाही. चौथ्या वेळी तर पैसे वाया चालले असं वाटलं. पण मॅडमनी गृहपाठ दिला होता: मंडळात जायचं आणि विचारलं तर खरं सांगायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईबरोबर गेले. काकूंनी विचारलंच. म्हटलं, “राहिला दुसरा ग्रुप. मे महिन्यात परत बसतेय.” “बरं,” म्हणाल्या, तिळगूळ दिला आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूबद्दल बोलू लागल्या. मी त्या प्रश्नाला चार महिने दिले होते.

कुणाला हवं असेल म्हणून सांगते. औषधं लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. समुपदेशक बोलून मदत करतात. आपलं बोलणं गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, तेव्हा ‘समाजात कळेल’ ही भीती बाजूला ठेवा. फी परवडत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 14416, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जगणंच नको वाटत असेल तर वाट पाहू नका, आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

मे जवळ आलाय. दुसरा ग्रुप निघेल की नाही, ठाऊक नाही. परवा मॅडमकडून परतताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, “लग्न होऊन इथं आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वर्षभर रोज रडायचे, मोरीत नळ सोडून. तुझ्या मॅडम माझ्याशी बोलतील का गं?”