फुकटच्या जमिनीची किंमत

अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांतील अनेक जर्मन घराण्यांत पूर्वजांच्या जमिनीचा दाखला जपलेला असतो. लाकूडगिरणीतील मजुरीचा कागद बहुधा टिकलेला नसतो. त्यामुळे कुळकथेत शेतकरी उरतो आणि कामगार गळून जातो.

१८६२ च्या ‘होमस्टेड’ कायद्याने १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. अट एवढीच की, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी. नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीयासही हा हक्क होता. या दाव्यांच्या फायलींत घराची लांबीरुंदी, लागवडीचे क्षेत्र, शेजाऱ्यांच्या साक्षी असा तपशील सापडतो. आपल्या सातबाऱ्याहून हा दस्तऐवज अधिक बोलका म्हटला पाहिजे.

परंतु जमीन फुकट होती, भांडवल नव्हे. बैल, नांगर, बियाणे आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे अन्न यांना रोकड लागे. उत्तरेकडील अरण्यप्रदेशात ती हिवाळ्यात लाकूडतोडीच्या तळावर, एरवी गिरणीत मिळे. मागे शेत बायकामुले सांभाळीत. ‘स्वतंत्र शेतकरी’ आणि ‘मजूर’ हे दोन वर्ग म्हणून आम्ही वर्गात शिकवतो. येथे तो एकच माणूस होता.

१८५२ मध्ये आलेला फ्रेडरिक वायरहॉयझर गिरणीतील नोकरीतून मालकपदी पोचला. १९०० साली त्याने व भागीदारांनी वॉशिंग्टन राज्यात ९ लाख एकर जंगल एकरी ६ डॉलर दराने खरेदी केले. सामान्य मजुराला असा मार्ग नव्हता. पाइनची अरण्ये संपत आली तशा गिरण्या बंद पडल्या, आणि वरकमाई थांबलेली ही कुटुंबे खुंटांनी भरलेल्या जमिनीवर नांगर धरून राहिली.