आर्थर रोडवरचा जमाव

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि ऑक्टोबरात पालिका आयुक्तांनी संशयित रोग्यास, प्रसंगी बळजबरीनेही, रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. लगोलग हुकूम सैल करावा लागला.

हा निव्वळ अडाणीपणा होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रुग्णालयाच्या धास्तीने रोगी घरात दडविला जाई, अखेरच्या घटकेस खाटेवर येई आणि तेथेच मरे. मग रुग्णालयच माणसे मारते, हा समज दृढ होई. शिवाय ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला विलगीकरण म्हणजे उपासमार. (त्याच मजुराने गाव गाठल्यावर गिरण्यांना मनुष्यबळ मिळेना!) पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली, आपल्या रीतीचे अन्न आणि आपली माणसे जवळ असू दिली, तेव्हा विरोधाची धार बोथट झाली.

आर्थर रोडचे तेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रोगी तेथेच दाखल झाले. देशात आरोग्यसेवकांवर हल्ले झाले, तेव्हा एप्रिलमध्ये वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कैद आणि मालमत्तेच्या नुकसानीस बाजारभावाच्या दुप्पट भरपाई ठरली. विलगीकरणात बुडालेल्या मजुरीचा हक्क मात्र त्या दुरुस्तीत नाही.