संगणकाचा गव्हर्नर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा मुलगा चाकणला एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला जातो. सकाळी येतो आणि जिथं संगणक आहे त्याच खोलीत झोपतो. मी लिहायला बसलो, की संगणकाच्या डब्यातला पंखा घोंघावू लागे. "अब्बा, थोडं थांबता का?" असं तो पांघरुणातूनच म्हणे. चार ओळींच्या कवितेला एवढी धाप का लागावी, याचा शोध घेताना मला प्रोसेसरचा वेग नावाचं प्रकरण कळलं.

प्रोसेसर एकाच वेगानं चालतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो कामाप्रमाणे वेग कमी-जास्त करू शकतो. वेग वाढला की बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले, तर काम करताना लागणारी वीज सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. भोसरीत ब्लोअरच्या मोटरला ड्राइव्ह बसवणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.

वेग कधी बदलायचा हे ठरवणाऱ्या धोरणाला लिनक्समध्ये 'गव्हर्नर' म्हणतात. राजभवनातला नव्हे, डिझेल इंजिनावरचा. 'परफॉर्मन्स' वेग कायम वर ठेवतो, 'पॉवरसेव्ह' कायम खाली. २००४ साली आलेला 'ऑनडिमांड' कामाचा भार पाहून एकदम वर उडी घेतो. 'कन्झर्व्हेटिव्ह' पायरी-पायरीनं चढतो. २०१६ पासून 'शेडयूटिल' आहे. तो कामांची वाटणी करणाऱ्या शेड्यूलरकडूनच भार विचारून घेतो. नावांवर मात्र फार विसंबू नये. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर 'पॉवरसेव्ह' असं दिसलं, तरी तिथं वेग बहुधा गरजेप्रमाणे वर जातोच. विंडोजमध्ये हेच काम पॉवर प्लॅन करतो.

आमच्या जुन्या संगणकावर बसवणाऱ्यानं 'परफॉर्मन्स' लावून ठेवला होता. मी उत्साहानं 'पॉवरसेव्ह' केला. पंखा गप्प झाला, पण प्रुफाची फाइल उघडेपर्यंत चहा निवू लागला. शिवाय काम लवकर उरकून झोपी जाणारा प्रोसेसर कधी कधी रखडत चालणाऱ्यापेक्षा एकूण वीज कमी खातो, म्हणजे माझी काटकसरही पुरती खरी नव्हती.

आता 'ऑनडिमांड' ठेवला आहे. पंख्यावरची धूळही ब्रशनं झाडली. निम्मा आवाज तिचाच होता. टंकन सकाळी करतो. जुने फोटो स्कॅन करायचे असले, की पोरगा उठेपर्यंत थांबतो.