राहण्याजोगा ग्रह हवाय? अटी लागू!

माहीत आहे का? दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा, म्हणजे एक्सोप्लॅनेट्सचा, नासाच्या यादीतला आकडा २०२५मध्ये ६,०००च्या पार गेला! त्यातले राहण्याजोगे किती? थांबा, आधी अटी वाचा.

ताऱ्यापासून बेताचं अंतर, पाणी उकळणार नाही आणि गोठणारही नाही असा पट्टा, म्हणजे हॅबिटेबल झोन. झोनमध्ये जागा मिळाली की काम फत्ते? छे! आपला चंद्रच बघा. सूर्यापासून पृथ्वीइतकाच लांब, एकदम प्राइम लोकेशन. आणि हवा-पाणी? ठणठण गोपाळ!

सगळी हवेची किमया. ग्रीनहाउस वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान असतं उणे १८ अंश. आज आहे साधारण १५. पण डोस जास्त झाला की शुक्र होतो : ४६० अंशांच्या वर, शिसंसुद्धा वितळेल!

निळ्या रंगावर भाळू नका हं. एचडी १८९७३३बी हा ग्रह लांबून निळाशार. जवळ गेलात तर ताशी ८,७०० किलोमीटरपर्यंतचा वारा, आणि त्यात बहुधा काचेचा पाऊस. तोही आडवा! छत्री घरीच ठेवा.

आता सुपरस्टार : ट्रॅपिस्ट-१. अंतर सुमारे ४० प्रकाशवर्षं, तारा आकाराने गुरूपेक्षा जेमतेम मोठा, ग्रह मात्र सात! सातही जण आपल्या बुधाच्या कक्षेच्या आत मावतील इतके खेटून. एकावर उभं राहिलं तर शेजारचा ग्रह कधीकधी आपल्या चंद्राहून मोठा दिसेल. सगळ्यात आतल्या ग्रहाचं वर्ष दीड दिवसाचं. म्हणजे तिथं दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतंय तोच पुढच्या वर्षीचे बाप्पा दारात! (हा ग्रह भाजलेला आहे. झोनमध्ये साधारण तिघंच बसतात.) आणि नाव? दुर्बिणीचं. ती बेल्जियमच्या संशोधकांची, आणि ट्रॅपिस्ट मठांची बिअर बेल्जियमची शान. चिअर्स!

एवढ्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता दाट. इकडे कायमची दुपार, तिकडे कायमची रात्र. वामकुक्षीवाल्यांनी बाजू जपून निवडावी.

माहीत आहे का, आकाशगंगेतले तीन-चतुर्थांशाच्या आसपास तारे लाल बटू आहेत, आणि त्यातला एकही सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही? सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, त्यातलाच. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. त्याच्या झोनमध्ये ग्रह असल्याची बातमी ऑगस्ट २०१६मध्ये आली आणि जग नाचलं. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये या साहेबांनी असा भडका उडवला होता की त्यांचं तेज काही मिनिटं ६८ पट झालं! असे भडके वारंवार झाले तर ग्रहाची हवा टिकणार कशी? ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा मथळा दिसला की आमचा सल्ला एकच : आधी ताऱ्याचा स्वभाव विचारा.

मग मोठाच तारा घेऊ? तोही बाद! सूर्याच्या दहापट वजनाचा तारा काही कोटी वर्षांत संपतो. पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षं आणि इथल्या जिवाणूंचे भक्कम पुरावे ३५० कोटींच्या आसपासचे. त्यांची एन्ट्री होण्याआधीच तिथले दिवे गेलेले!

पुणेकरांसाठी खास. २०१९मध्ये भारताच्या वाट्याला एका ग्रहाचं बारसं आलं. तारा ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रह ‘संतमस’, आणि हे नाव सुचवलं पुण्याच्या १३ वर्षांच्या शाळकरी मुलानं! वर्ष दोन दिवस आणि तीन तासांचं, त्यामुळे राहायला अर्थात कटाप.

आणि लेटेस्ट भांडण : के२-१८बी, १२४ प्रकाशवर्षांवर. जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमनं डायमिथाइल सल्फाइडच्या खुणाही जाहीर केल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात. झाली ना चर्चा! पण सिग्नल फार कच्चा, असं म्हणत इतर शास्त्रज्ञ तुटून पडले. वर हाच वायू ६७पी धूमकेतूवरही सापडलाय. आता त्या गोठलेल्या गोळ्यावर कुठला आलाय समुद्र?